डोंगराचा दिवस आधी ठरवू नका

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की स्वित्झर्लंड आणि आसपासची जुनी गावं आणि डोंगर एकाच ट्रिपमध्ये बघायचे असतील तर शंका कळवा, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून एवढं काही आलंय की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. म्हणून बऱ्याच जणांचा प्रश्न ज्यात आलाय अशी पत्रं निवडलीयेत, नावं नेहमीसारखी गाळलीत.

नाशिकहून एक ताई लिहितात: नमस्कार ताई, मे महिन्यात आम्ही पाच जण चाललोय, मी, मिस्टर, मुलगी १४ ची, मुलगा ९ चा आणि सासूबाई. आठ रात्री आहेत. झुरिक १, लुसर्न २, इंटरलाकेन २, झर्मट २, जिनिव्हा १ असा प्लॅन केलाय. युंगफ्राऊ, टिटलिस आणि गॉर्नरग्राट या तिन्ही डोंगरांची तिकिटं आत्ताच ऑनलाइन काढून टाकतोय म्हणजे तिकडे जाऊन ताप नको. बरोबर आहे ना?

ताई, तिकिटं काढली नसतील तर थांबा, हात जोडून सांगते. पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा अगदी हेच केलं होतं, निघायच्या दीड महिना आधी एका बुकिंगवाल्याकडून युंगफ्राऊयोखची, म्हणजे युंगफ्राऊच्या वरच्या स्टेशनची, तारीख घातलेली तिकिटं घेतली, तारीख बदलता येते ना असं दोनदा विचारून घेतलं होतं, तो हो म्हणाला आणि वेळ आली तेव्हा काही बदलून मिळाली नाहीत. वर ३४५४ मीटरवर पोचलो तर काचेबाहेर नुसतं पांढरं. समोर आलेत्श ग्लेशियर असतं, वीसेक किलोमीटर लांब, आल्प्समधलं सगळ्यात मोठं, ते एक इंचसुद्धा दिसलं नाही, आई भिंतीवरचा फोटो बघत उभी राहिली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन, सगळी शिखरं मोकळी, आणि आम्ही बॅगा घेऊन पुढच्या गावच्या ट्रेनमध्ये. ते मला आजही लागतं, कारण आईचं परत जाणं झालं नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगते, डोंगराचा दिवस घरून ठरवायचा नाही. मुक्काम अशा ठिकाणी करायचा की जिथून एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला जुनी गावं दोन्ही हाताशी असतील, आकाश मोकळं असेल त्या दिवशी उठून डोंगर, ढग असतील त्या दिवशी गाव. म्हणून तुमच्या प्लॅनमधले पाच मुक्काम दोनवर आणा, बर्नला चार रात्री आणि लुसर्नला चार. पाच माणसांच्या बॅगा दर दोन दिवसांनी दगडी रस्त्यावरून ओढायच्या, चेकआउट सकाळी आणि पुढचा चेक-इन दुपारी तीननंतर, यात अर्धा अर्धा दिवस असाच जातो आणि सासूबाईंचे हाल होतात ते वेगळेच.

बर्नवरून इंटरलाकेन तासाभरात, थुन वीस मिनिटांत, फ्रिबूर्ग वीस-पंचवीस मिनिटांत, ग्रिंडेलवाल्ड दीड तासाच्या आसपास. लुसर्नवरून एंगेलबर्ग म्हणजे टिटलिसचा पायथा पाऊण तास, रिगी आणि पिलाटुस हे डोंगर तर गावातून दिसतातच. झर्मटसुद्धा बर्नवरून सव्वादोन तासांवर आहे, एखादा दिवस अगदी स्वच्छ निघाला आणि मुलांना तिथला मॅटरहॉर्न डोंगर बघायचाच असेल तर पहाटे निघून रात्री परत येता येतं, पण मी तरी नऊ वर्षांच्या मुलाला आणि आजीला घेऊन ते करणार नाही. जिनिव्हा सोडून द्या. इंटरलाकेन वाईट नाही, यश चोप्रांचा पुतळा आहे तिथे, आपली माणसं पावलोपावली भेटतात, पण पाऊस लागला की तिथे करण्यासारखं फार उरत नाही आणि मग मुलं हॉटेलात मोबाइल घेऊन बसतात.

आता बघायचं कसं ते सांगते. आदल्या संध्याकाळी मेटिओस्विस या तिथल्या हवामान खात्याच्या अ‍ॅपवर अंदाज बघायचा, आणि सकाळी उठल्या उठल्या डोंगरावरच्या वरच्या स्टेशनचा वेबकॅम, सगळ्या मोठ्या डोंगरांचे असतात आणि बऱ्याच हॉटेलांत तर टीव्हीवर एक चॅनेलच त्याचा असतो. खिडकीतून बाहेर बघून ठरवू नका हां. विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खाली तळ्यावर दाट धुकं असतं, लुसर्नला समोरची इमारत दिसत नाही, आणि रिगीवर गेलात तर वर निळं आकाश आणि पायाखाली ढगांचा समुद्र. उलटंही होतं, खाली ऊन आणि वर टोपी घातल्यासारखा ढग. म्हणून कॅमेरा. वर मोकळं दिसलं की तिकीट तिथल्या तिथे फोनवर काढा, फक्त युंगफ्राऊला गर्दीच्या दिवसांत वरच्या गाडीची सीट रिझर्व्ह केलेली बरी, ती आदल्या रात्री करा. दुपारपर्यंत ढग चढायला लागतात त्यामुळे सकाळची पहिली-दुसरी गाडीच पकडायची.

आणि एकाच ट्रिपमध्ये तीन-तीन बर्फाचे डोंगर नकोत. एक उंच, एक मधला, झालं.

कोल्हापूरहून एक निवृत्त शिक्षिका विचारतात: माझं वय ६८, मिस्टर ७१, त्यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीये, तब्येत आता छान आहे, रोज रंकाळ्याला फेरी असते. मुलगा म्हणतो युंगफ्राऊ करायचंच. जावं का?

काकू, आधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना आकड्यासकट विचारा, नुसतं "स्वित्झर्लंडला जातोय" म्हणू नका, "३४५४ मीटरवर दोन तास" असं सांगा. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही दोन तृतीयांशच. आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर, त्याच्या दुपटीहून जास्त झालं हे. आणि चढणं इतकं पटकन होतं की शरीराला कळायला वेळच मिळत नाही, आयगर एक्सप्रेस नावाची जी केबलकार डिसेंबर २०२० ला सुरू झाली ती ग्रिंडेलवाल्डहून पंधरा मिनिटांत आयगरग्लेशर स्टेशनला नेऊन सोडते. डॉक्टर हो म्हणाले तर केबलकारने न जाता क्लायनं शायडेग या मधल्या स्टेशनवरून जुन्या रस्त्याने जा, तिथे थोडा वेळ बसा, चहा घ्या, मग पुढची ट्रेन. वर गेल्यावर घाई नाही करायची, पाणी पीत राहायचं, डोकं दुखायला किंवा गरगरायला लागलं तर खाली यायचं, तिकीट वसूल करत बसायचं नाही.

युंगफ्राऊची ही रेल्वे बघण्यासारखी आहे यात वादच नाही, १८९६ ला खोदायला घेतली आणि १९१२ ला वरपर्यंत पोचली, आयगर आणि म्योंख या दोन डोंगरांच्या पोटातून बोगदा आहे. ज्यांनी ही कल्पना काढली ते आडोल्फ गुयर-त्सेलर मधेच १८९९ ला वारले, त्यांना काही पूर्ण झालेली बघायला मिळाली नाही.

पण डॉक्टर नाही म्हणाले तर अजिबात खट्टू होऊ नका, कारण डोंगर वरून बघण्यापेक्षा समोरून जास्त सुंदर दिसतो असं माझं प्रामाणिक मत आहे. म्युरेनला जा. उंची १६३८ मीटर, म्हणजे जवळपास आपलं कळसूबाईच, मोटारगाड्यांना बंदी असलेलं कड्यावरचं गाव, आणि बाकावर बसलात की आयगर, म्योंख, युंगफ्राऊ तिघं ओळीने समोर. लाउटरब्रुनेनहून केबलकार आणि मग छोटी ट्रेन, चालणं जवळजवळ नाही. किंवा लुसर्नकडून रिगी, १८०० मीटरच्या आत, फिट्सनाउहून वर जाणारी दातेरी रुळांची गाडी १८७१ पासून चालू आहे, युरोपातली पहिली डोंगरावरची रेल्वे. लुसर्नहून फिट्सनाउपर्यंत बोटीने जा, तासभर तळ्यावरून जाणं हेच अर्ध सुख आहे.

ठाण्याहून एक वाचक: पास घ्यावा की नाही यावर घरात भांडणं होतायत, एकदाचं काय ते सांगा!

सोपं करून सांगते. स्विस ट्रॅव्हल पास म्हणजे ट्रेन, बस, बोट, गावातल्या ट्राम सगळं त्यात, शिवाय पाचशेच्या आसपास म्युझियम फुकट, आणि रिगी, श्टान्सरहॉर्न, श्टूस हे डोंगर पूर्ण फुकट. टिटलिस, पिलाटुसला निम्मा दर. पण युंगफ्राऊला ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगनपर्यंतच पास चालतो, पुढे फक्त पंचवीस टक्के सवलत, आणि खरा खर्च त्या पुढच्या तुकड्याचाच आहे. हाफ फेअर कार्ड महिनाभर चालतं आणि त्यात ट्रेनही अर्ध्यात आणि बहुतेक डोंगरही अर्ध्यात, युंगफ्राऊसुद्धा. म्हणजे रोज ट्रेन-बोट-म्युझियम असं भरपूर फिरणार असाल तर पास, आणि एकदोन महागडे डोंगर आणि मधे आरामाचे दिवस असतील तर हाफ फेअर. मुलं १६ च्या आतली असतील तर फॅमिली कार्ड मागून घ्या, ते फुकट मिळतं आणि आईवडलांपैकी कोणीतरी एक तिकीट काढलेलं बरोबर असलं की मुलांचा प्रवास फुकट. आजी-आजोबांबरोबर एकटी मुलं निघाली तर ते चालत नाही, हे लक्षात ठेवा, बरेच जण इथे फसतात.

एक अजून, पास सलग दिवसांचाच घेतला पाहिजे असं नाही, फ्लेक्स नावाचा असतो त्यात महिन्याभरातले हवे ते दिवस निवडता येतात. डोंगराचा दिवस आधी ठरवायचा नसेल तर तो सोयीचा, थोडा महाग पडतो पण.

पुण्याहून एक वाचक: मिसेसना जुनी गावं बघायची फार हौस आहे, मला खरं सांगायचं तर एक बघितलं की सगळी बघितल्यासारखी वाटतात, तेच दगडी रस्ते, तेच चर्च. ढगाळ दिवसांत मी काय बघू?

दादा, नुसतं चालत फोटो काढत गेलात तर सगळी सारखीच दिसणार. एकेका गावात एक गोष्ट शोधायची असं ठरवून जा.

बर्नपासून सुरू करा. आर नदीने तीन बाजूंनी वेढा घातलाय आणि त्या कोपऱ्यात ११९१ ला गाव वसवलं, का ते रोझेनगार्टनच्या टेकडीवरून बघितलं की एका नजरेत कळतं, संरक्षणाला एकच बाजू उरते. आधी घरं लाकडाची होती, १४०५ ला मोठी आग लागली आणि मग सगळं हिरवट करड्या वालुकाश्मात परत बांधलं, म्हणून गाव एका रंगाचं दिसतं. १९८३ ला युनेस्कोच्या यादीत आलं. आणि पावसाळी दिवसासाठी याहून चांगलं गाव नाही, कारण दुकानांच्या पुढे कमानींचे झाकलेले रस्ते आहेत, जवळजवळ सहा किलोमीटर, छत्री न उघडता दिवसभर फिरता येतं. लक्ष्मी रोडला दुकानांपुढे सलग ओसरी असती तर कसं झालं असतं तसं डोळ्यापुढे आणा. रस्त्याच्या कडेला तिरप्या फळ्या दिसतील, ती तळघरांची दारं आहेत, खाली उतरलं की दुकानं. त्सिटग्लॉगं नावाच्या घड्याळाच्या बुरुजाखाली तास पडायच्या पाचेक मिनिटं आधी जाऊन उभे राहा, कोंबडा आरवतो, अस्वलांची मिरवणूक फिरते. तिथून दोन मिनिटांवर क्रामगासे ४९, दुसऱ्या मजल्यावरचं आइनस्टाइनचं भाड्याचं घर, १९०३ ते १९०५ तिथे राहिले, पेटंट ऑफिसात नोकरी, लहान मूल घरात आणि त्याच १९०५ साली सापेक्षतावादाचा लेख. दोन-तीन खोल्या आहेत, त्या जिन्यावरून चढताना माझ्या अंगावर काटा आला होता.

फ्रिबूर्गला फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने जोडलेल्या दोन डब्यांची चढावरची गाडी बघा, हे तुम्हाला नक्की आवडेल. १८९९ पासून चालू आहे आणि मोटर नाही, वरच्या गावाचं गटाराचं सांडपाणी वरच्या डब्याच्या टाकीत भरतात, तो डबा जड होऊन खाली येतो आणि त्याच्या वजनाने दुसरा डबा वर चढतो, खाली आल्यावर टाकी रिकामी. थोडा वास येतो, येऊ दे. इतकं साधं आणि इतकी वर्षं चाललेलं यंत्र मी दुसरं बघितलेलं नाही.

थुनला मुख्य गल्लीत फूटपाथ खालच्या दुकानांच्या छपरावर आहे, म्हणजे तुम्ही एका दुकानाच्या डोक्यावरून चालत दुसऱ्या दुकानात शिरता. वर किल्ला.

आणि लुसर्नचा लाकडी पूल सगळे बघतात, पण १८ ऑगस्ट १९९३ च्या रात्री तो जळाला होता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. छताखालच्या त्रिकोणी चित्रांपैकी बहुतेक सतराव्या शतकातली चित्रं त्यात गेली, दोन्ही टोकं आणि दगडी बुरूज वाचला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये पूल परत उभा करून लोकांसाठी उघडला. आठ महिन्यांत! मी पुलावर उभं राहून हाच विचार करत होते की गावाने त्याला किती आपलं मानलं असेल. मग तिथूनच सिंहाच्या स्मारकाकडे जा, खडकात कोरलेला मरणारा सिंह, १७९२ ला पॅरिसमध्ये राजाच्या वाड्याचं रक्षण करताना मारल्या गेलेल्या स्विस शिपायांसाठी १८२१ ला केलेला. परक्या राजासाठी पगारावर लढून मेलेली गरीब डोंगरातली पोरं. तिथे गप्पा मारत उभं राहवत नाही.

एवढं बघून दुसऱ्या गावाचा कंटाळा आला तर मला परत लिहा.

जळगावहून: आम्ही शाकाहारी, तेही अंडं न खाणारे. दहा दिवस काय खायचं? बरोबर काय न्यावं?

खायला मिळतं, फक्त विचारून खायचं. रोष्टी म्हणजे बटाट्याचा किस परतून केलेला, आपल्याला आवडतोच, पण त्यात बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, "ओने फ्लाइश" म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. चीजचं मात्र एक सांगते जे कोणी सांगत नाही, पारंपरिक ग्रुयेर चीज दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरून करतात, त्यामुळे फॉन्ड्यू, म्हणजे वितळवलेलं चीज, शाकाहारी आहे असं धरून चालू नका, ज्यांना हे चालत नाही त्यांनी जाणूनबुजून ठरवावं. मिग्रो आणि कोऑप या सुपरमार्केटांच्या रेस्टॉरंटांत सॅलड, भात, भाज्या आपल्या हाताने घेता येतात, तेच सगळ्यात स्वस्तही. झुरिकला हिल्टल म्हणून पूर्ण शाकाहारी रेस्टॉरंट आहे १८९८ पासूनचं, बुफेत आपल्यासारख्या रसभाज्या असतात. युंगफ्राऊयोखवर आणि टिटलिसवर भारतीय जेवण मिळतं.

न्यायला खाकरे, मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी, लाडू बिनधास्त न्या, पण लाडू तुपातले नकोत, तेलातले, कारण दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून तिकडे न्यायला बंदी आहे, पेढे, बर्फी, तुपाची बरणी हे विमानतळावर काढून घेऊ शकतात. हॉटेलच्या खोलीत कुकर लावू नका, धुराचा अलार्म वाजतो आणि दंड होतो, त्यापेक्षा स्वयंपाकघर असलेलं छोटं अपार्टमेंट घ्या. रविवारी दुकानं बंद असतात, फक्त मोठ्या स्टेशनांवरची उघडी, तेव्हा शनिवारीच दूध-ब्रेड आणून ठेवा. पाणी विकत घेऊ नका, गावातल्या कारंज्यांना पिण्याचंच पाणी असतं, नसेल तिथे पाटी लावलेली असते.

नागपूरहून: दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर चालेल का, आणि व्हिसाला कधी लागायचं?

चालेल, पण दिवाळी नोव्हेंबरकडे सरकली असेल तर बघून. त्या महिन्यात बऱ्याच केबलकार देखभालीसाठी काही दिवस, काही तर काही आठवडे बंद ठेवतात आणि पिलाटुसची दातेरी गाडी थंडीत चालतच नाही, प्रत्येक डोंगराच्या साइटवर तारखा असतात त्या विमानाचं तिकीट काढायच्या आधी बघा. एप्रिलच्या शेवटीही हाच प्रकार. युंगफ्राऊ मात्र बारा महिने चालू.

व्हिसा शेंगेन, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तीन महिने आधी कराच. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परत निघायच्या तारखेनंतर तीन महिने वैध, दोन पानं कोरी, आणि विमा कमीत कमी तीस हजार युरोंचा. दोन देश करणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री त्याच्याकडे अर्ज.

म्युनिकहून एक तरुण वाचक: मी इथे नोकरी करतो, आईबाबा साताऱ्याहून सप्टेंबरमध्ये येतायत. आईला बर्फ हाताने धरायचाय. स्वित्झर्लंड बजेटच्या बाहेर चाललंय. जवळपास काही आहे का?

अरे, आहे ना, आणि तुला म्युनिकहून बदलावं लागणारं हॉटेल एकच. इन्सब्रुकला तीन रात्री घे, ट्रेनने दोन तासांच्या आत. जुन्या गावात सोन्याचं छप्पर म्हणतात ती गॅलरी आहे, सम्राट मॅक्सिमिलियनने १५०० च्या सुमाराला केलेली, अडीच हजारांहून जास्त सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची कौलं. तिथून चालत काही मिनिटांवर प्रसिद्ध वास्तुविशारद झाहा हदीदने आखलेल्या स्टेशनातून फ्युनिक्युलर निघते, मग दोन केबलकार, आणि अर्ध्यापाऊण तासात तू हाफेलेकारला, २२५६ मीटरवर. एका बाजूला खाली शहर आणि विमानतळ, दुसऱ्या बाजूला नुसते डोंगर. गाव आणि डोंगर इतके चिकटून मी दुसरीकडे बघितले नाहीत, कॅमेऱ्यात मोकळं दिसलं की दहा मिनिटांत निघता येतं.

पण सप्टेंबरमध्ये तिथे बर्फ असेलच असं नाही, आईंना तो शब्द देऊ नकोस. त्यासाठी श्टुबाय ग्लेशियर, इन्सब्रुकहून बसने तास-सव्वा तास आणि मग केबलकार, वर ३२१० मीटरवर प्लॅटफॉर्म आहे. वयाची काळजी वर काकूंना सांगितली तीच इथे. जाताना किंवा येताना मिटेनवाल्डला उतरा, गार्मिशमार्गे जाणाऱ्या गाडीवरच आहे, घरांच्या भिंती चित्रांनी रंगवलेल्या आणि व्हायोलिन बनवणाऱ्यांचं गाव म्हणून सतराव्या शतकापासून नाव आहे. आणि सप्टेंबरमध्ये या भागात उन्हाळाभर डोंगरावर चरायला सोडलेली गुरं फुलांनी, घंटांनी सजवून गावात उतरवतात, तारखा गावोगावी वेगळ्या असतात, टुरिस्ट ऑफिसला फोन करून विचार. बाबा शेतीतले असतील तर ते बघून त्यांना पोळा आठवेल, आणि मग डोंगर ढगात गेला तरी त्यांचा दिवस फुकट जाणार नाही. ऑक्टोबरफेस्ट सप्टेंबरच्या मध्यानंतर सुरू होतो, म्युनिकच्या गाड्या आणि हॉटेलं सगळं भरतं, त्यामुळे जमलं तर पहिल्या पंधरवड्यातच आटपा. आईंसाठी वॉटरप्रूफ हातमोजे तिथेच घे, लोकरीचे बर्फात भिजतात आणि मग धरलेला बर्फ लगेच टाकून द्यावा लागतो.